भिंतखाऊ

आमच्या यांना धंद्यातले लोक ‘भिंतखाऊ’ म्हणतात. पाठीमागे तर म्हणतातच, पण तोंडावर म्हटलं तरी हे रागवायचे नाहीत, उलट खूश व्हायचे. नाव ठेवलं काँट्रॅक्टरनं. हा काँट्रॅक्टर माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा यांचा जोडीदार, आणि नवराबायकोत होत नाहीत एवढी भांडणं त्या दोघांत होतात. कुठल्याही घराचा नकाशा पुढ्यात आला की हे लाल पेन्सिल उचलणार आणि कुठली भिंत काढता येईल ते आधी बघणार. मग काँट्रॅक्टर कपाळाला हात लावणार. साहेब, एखादी तरी ठेवा, लोकांनी खिळा कुठे मारायचा, असं त्यानं किती वेळा विचारलं असेल त्याला गणती नाही.

मी काही आर्किटेक्ट नाही. शाळेत गणित शिकवत होते, त्यामुळे सरळ रेषेवर माझाही थोडा हक्क आहे असं मी यांना अधूनमधून सुनावते. पण नवऱ्याची गोष्ट बायकोनं सांगितली की तिचे उसवलेले टाके दिसतात, आणि ते दिसलेले बरे. बाहेर यांची जी गोष्ट सांगतात ती फार गुळगुळीत आहे. ती पसरवली यांनीच.

ती अशी. सासरे कचेरीत कारकून, पण घरी थाट राजाचा. संध्याकाळ झाली की बैठकीची खोली भरायची. डॉक्टर यायचे, शिंपी यायचा, शेजारचे निवृत्त फौजदार यायचे, आणि आणखी एक गृहस्थ, ज्यांचा उद्योग काय ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. गप्पांना ऊत यायचा, खसखस पिकायची. आणि मागे बंद दाराआड, स्वयंपाकघरात, सासूबाई. चहाचे कप दाराच्या फटीतून बाहेर यायचे आणि रिकामे होऊन आत जायचे. हे तेव्हा लहान, दाराला पाठ लावून अभ्यासाला बसायचे. एका संध्याकाळी यांना आतून आईचं रडणं ऐकू आलं. तोंडात काहीतरी कोंबून दाबलेले हुंदके. मग ते पुष्कळदा ऐकू आलं. मोठं व्हायचं आणि ही भिंत पाडायची, असं त्या पोरानं तिथेच बसून ठरवलं.

त्या एका हट्टापायी हे आर्किटेक्ट झाले. आर्किटेक्ट म्हणजे नळाची गळती थांबवणारा इसम अशी सासऱ्यांची समजूत होती, आणि यांनी घरातले नळ दुरुस्त करून करून ती पक्की केली. पहिली नोकरी लागली मोठ्या साहेबांच्या ऑफिसात. साहेब इमारती काढायचे आणि हे त्या इमारतींचे जिने आणि संडास. एका मोठ्या हॉटेलच्या उद्घाटनाचा फोटो पेपरात आला तेव्हा यांनी मला बोट ठेवून दाखवलं, या भिंतीच्या मागचा जिना माझा. मी म्हटलं, दिसत तर काहीच नाही. तर म्हणाले, दिसत नाही, पण म्हातारा माणूस चढला तरी त्याला दम लागत नाही. अशा माणसावर रागवायचं तरी कसं.

मग स्वतःचं ऑफिस काढलं, एका लाँड्रीच्या वर. खाली दिवसभर इस्त्र्या चालायच्या, वर ट्रेसिंग पेपर वाफेनं लोळागोळा व्हायचे. गिऱ्हाईक आलं की आर्किटेक्ट लोक विचारतात किती खोल्या हव्यात, बजेट किती. हे विचारायचे, तुमच्या घरात एकटं कोण पडतं? लोक चक्रावायचे. कोणी रागानं उठूनही गेले, आमच्या घरात असलं काही नाही म्हणून. पण जे बसायचे ते हळूहळू बोलायला लागायचे, आणि मग यांची पेन्सिल चालायची. एका दवाखान्यात यांनी बाकं अशी मांडली की वाट बघणाऱ्या नातेवाइकाला दुसऱ्याच्या डोळ्यांत बघावं लागू नये, आणि रडू आलं तर भिंतीकडे वळता यावं. एका शाळेच्या वाचनालयात खिडक्या इतक्या खाली घेतल्या की वर्गातल्या सगळ्यात बुटक्या पोरालाही झाड दिसावं. हेडमास्तर म्हणाले मुलं बाहेर बघत बसतील. हे म्हणाले बसू देत. माणूस गुणी आहे हे मीसुद्धा कबूल करते, फक्त त्यांच्या तोंडावर नाही.

आता उसवलेल्या टाक्याकडे येते.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती भिंत उभी होती आणि तो दरबारही भरत होता. आल्यावर थोड्याच दिवसांत, बाहेर गप्पा रंगात आलेल्या असताना, सासूबाईंनी मला आत ओढलं, दाराला कडी घातली, स्टुलावर बसल्या आणि डॉक्टर झाल्या. मला आधी काही कळेचना. त्यांनी मान तिरकी केली, नसलेला चष्मा नाकावर सारला आणि खर्जात म्हणाल्या, जीभ बघू. हुबेहूब. मग शिंपी झाल्या, बोलता बोलता समोरच्याचं माप डोळ्यांनी घेणारा. मग वाक्याच्या मध्येच घोरायला लागणारे फौजदार. मग घसा खाकरून, बोट वर करून, खुद्द सासरे. मी खाली बसले हसून. शेवटी त्यांनी आपल्या मुलाला उभं केलं, माझ्या नवऱ्याला. डोळे बारीक करून छताकडे बघत, हाताची चौकट करून, “आई, उजेड. उजेड कुठून येतो ते बघ.” माझी हसून पुरेवाट झाली. त्यांनाही आवरेना, तर त्यांनी भांडी पुसायचा फडका तोंडात कोंबला आणि दाराला टेकून गदगदत राहिल्या.

तो दबलेला आवाज ऐकला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यांनी लग्न ठरताना मला दाराआडच्या रडण्याची सगळी कहाणी डोळ्यांत पाणी आणून सांगितली होती. कसलं रडणं नि कसलं काय. बाई रोज संध्याकाळी स्वतःच्या नवऱ्याची टिंगल करून मनसोक्त हसत होती.

मी म्हटलं, आई, हे बाहेर करून दाखवा की, लोक डोक्यावर घेतील. तर त्यांचा चेहराच उतरला. त्यांच्या लग्नानंतर लगेच एकदा, चार पाहुण्यांत, त्यांनी कोणाची तरी नक्कल केली होती. सगळे हसले. सासरे हसले नाहीत. ओरडलेही नाहीत, पण त्यानंतर कित्येक दिवस त्यांच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. पुन्हा बोलले ते जणू काही झालंच नाही असं. तेव्हापासून हे सगळं कडी लावून. सासरे कसेही असले तरी एक होतं, स्वयंपाकघरात ते पाऊल टाकायचे नाहीत. सासूबाईंनी मला शपथ घातली की यांना म्हणून यातलं काही कळता कामा नये, मुलगा बापाला सांगितल्याशिवाय राहायचा नाही. मी शब्द दिला. आणि खरं सांगते, माझ्याही संसाराची चांगली वर्षं त्या कडीच्या आतच गेली.

सासरे निवृत्त झाले तेव्हा यांच्या हातात जरा कामं आली होती. एक दिवस हे काँट्रॅक्टरला घेऊन घरी आले, भिंतीवर टकटक करून बघितलं, वरच्या छताचं ओझं तिच्यावर नाही म्हणून आनंदले आणि आईला म्हणाले, “आई, ही भिंत काढतो. बैठक आणि स्वयंपाकघर एक. मध्ये नुसता ओटा. तुला आता कोणी आत कोंडून ठेवणार नाही.”

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुला योग्य वाटेल ते कर.”

आपल्या बायकांचं हे वाक्य. याचा अर्थ ‘हो’ असा घेणारा माणूस एक तर मुलगा असतो नाहीतर नवरा. जगातल्या सगळ्या घरांत जाऊन विचारणारा हा गृहस्थ, आईला मात्र विचारायला विसरला, कारण त्याला वाटलं उत्तर आपल्याला लहानपणापासूनच पाठ आहे. मी भांड भांड भांडले. घरभर कांद्याचा वास येईल, भांड्यांचा आवाज होईल, धुरानं पडदे काळे होतील. खरं कारण सांगता येत नव्हतं, मग उरलेली सगळी सांगितली. हे म्हणाले, तुला भिंतीची सवय झालीये, पडल्यावर कळेल. मी सासूबाईंच्या मागे लागले, तुम्ही तरी नाही म्हणा. त्या म्हणाल्या, पोरगं लहानपणापासून हे मनात धरून बसलंय, आणि आईसाठी करतंय, त्याला नाही कशी म्हणू? झालं. मी हात टेकले.

भिंत पडली. धूळ खाली बसल्यावर बैठकीतला उजेड थेट शेगडीपर्यंत आला, खरंच देखणं झालं होतं. सासूबाई डोळ्यांवर आडवा हात धरून उभ्या होत्या. यांनी त्यांना ओट्यामागे उभं करून फोटो काढला. तो एका मासिकात आला, आणि आमच्या यांचं नशीब उघडलं. लोक लाँड्रीचा जिना चढून यायचे आणि म्हणायचे, ते ‘आईचं स्वयंपाकघर’ आहे ना, तसं आम्हाला करून द्या. यांनी किती घरांच्या भिंती खाल्ल्या देव जाणे. त्यातल्या किती जणींना खरंच मोकळं वाटलं आणि किती जणी माझ्या सासूबाईंसारख्या गप्प बसल्या, हा विचार आता मला छळतो, आणि यांना तर त्याहून जास्त.

कारण सासऱ्यांनी काय केलं, तर आपली खुर्ची उचलून ओट्याला लावली. दिवसभर तिथेच मुक्काम. कांदा बारीक चिर. आच कमी कर. झाकण कशाला ठेवलंस? एवढ्या वर्षांत ज्यांना पाणी कुठल्या भांड्यात तापतं ते माहीत नव्हतं, ते आता दूध उतू जाईल म्हणून पहारा द्यायला लागले. संध्याकाळची मंडळी ओट्यावर कोपरं टेकून बसायची, वहिनी वहिनी करायची, आणि सासूबाई मान डोलवायच्या. नक्कल राहिली दूर, त्यांच्या तोंडून साधा शब्द फुटेनासा झाला. मी एकदा हळूच विचारलं, आता आपलं कसं? त्यांनी न्हाणीघराकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, पण तिथे आवाज घुमतो गं. आम्ही दोघी हसलो. त्यांचं शेवटचं हसणं म्हणून मला तेच आठवतं.

यांना बक्षिसं मिळायला लागली, भाषणाला बोलावणी यायला लागली. तुमची प्रेरणा काय, असं विचारलं की हे ती दाराआडच्या हुंदक्यांची गोष्ट सांगायचे. एकदा सासूबाईंना पहिल्या रांगेत बसवून सांगितली. सभागृहात लोक नाकं पुसत होते. सासूबाईंनी मान खाली घातली, सगळ्यांना वाटलं भरून आलं. मला राग इतका आला होता की टाळ्या वाजवायच्या ऐवजी मी पर्सची चेन उघडझाप करत बसले. घरी येताना त्या यांना एवढंच म्हणाल्या, छान बोललास.

पुढे डॉक्टर गेले. शिंपी डोळे अधू झाले म्हणून मुलीकडे राहायला गेला, तिकडचाच झाला. फौजदार झोपेतच गेले, उद्योग न कळलेले ते गृहस्थही यायचे थांबले, आणि मग एका सकाळी ओट्याजवळच्या त्या खुर्चीत सासरे. एवढं मोकळं, एवढं उजेडाचं घर, आणि बैठकीत गप्पांना माणूस नाही. सासूबाई ओट्यामागे उभ्या राहून रिकाम्या बैठकीकडे बघत स्वयंपाक करायच्या.

अशात यांच्याकडे एक म्हाताऱ्या बाई आल्या, मुलाला आणि सुनेला घेऊन. नवीन घर बांधायचं होतं. यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, अहो, एकटं कोणी पडतच नाही, हेच तर दुखणं आहे. मला एक खोली द्या, तिला कडी द्या, बाकी घर या दोघांना हवं तसं करा. यांना फार गंमत वाटली. जेवताना हे आम्हाला सांगून हसायला लागले, मला भिंत मागणारं पहिलंच गिऱ्हाईक आलं.

सासूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या, “दे तिला बांधून. कडी आतून दे.”

हे हसायचे थांबले. आईनं यांच्या कामाबद्दल त्याआधी कधी चकार शब्द काढला नव्हता. जेवणं झाली, सासूबाई आपल्या खोलीत गेल्या, आणि हे माझ्यामागे येऊन उभे राहिले. आई असं का म्हणाली? मी ज्याच्या भीतीनं शब्द दिला होता तो माणूस आता नव्हता. मी सांगून टाकलं. डॉक्टर, शिंपी, फौजदार, घसा खाकरणारे सासरे, हाताची चौकट करणारा आर्किटेक्ट, आणि तोंडात कोंबलेला फडका.

यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, “म्हणजे ती रडत नव्हती?”

मी म्हटलं, “नाही हो. हसत होत्या.”

हे तिथेच खाली बसले. ज्या हुंदक्यांवर या माणसानं आयुष्य उभं केलं ते हुंदकेच नव्हते. मला वाटलं होतं हे सांगताना मला थोडं बरं वाटेल, इतकी वर्षं कोंडून ठेवलेलं बाहेर पडल्यावर. कुठलं बरं वाटतंय.

आठवड्याभरात यांनी निर्णय घेतला. सकाळी आईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, ती भिंत परत बांधतो. सासूबाईंनी यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, तुला योग्य वाटेल ते कर. मी कपाळ बडवून घेतलं. यांना बाजूला घेऊन म्हटलं, अहो, आता तरी नीट विचारा त्यांना. हे म्हणाले, आता मला सगळं माहीत आहे. या माणसाला काय म्हणावं?

काँट्रॅक्टर आला तेव्हा त्यानं चेष्टेला तोंड उघडलं होतं, पण यांचा चेहरा बघून मिटलं. कुठल्या बक्षिसाच्या इमारतीवर घेतले नसतील एवढे कष्ट यांनी त्या एका भिंतीवर घेतले. जुन्या जागी, जुन्याच जाडीची. दार तेवढंच अरुंद. सुतारानं चांगली गुळगुळीत कडी आणली ती परत पाठवली, जुन्यासारखी जड लोखंडी शोधून आणायला लावली. गिलावा सुकेपर्यंत रोज हात लावून बघायचे. मला म्हणायचे, बघ, पुन्हा सुरू करेल ती. माझ्यासमोर नको, पण मला बाहेरून तरी ऐकू येईल. त्यांचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता, आणि माझाही अडकला नव्हता असं मी म्हणणार नाही.

रंग वाळला त्या दिवशी दुपारी सासूबाई आत गेल्या. दार लागलं, कडी पडली. आम्ही दोघं बाहेर उभे, श्वास रोखून. आतून नळाचा आवाज आला. एक भांडं खाली ठेवल्याचा आला. मग काही नाही. यांनी माझ्याकडे बघितलं, मी खुणेनं थांबा म्हटलं. बराच वेळ गेला, आणि कडी निघाली.

दार उघडं टाकून सासूबाई स्टुलावर जाऊन बसल्या होत्या. हात मांडीवर. हे आत गेले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“नाही जमलं, आई?”

“कोणाची करू रे? सगळे गेले.” मग त्यांनी नव्या भिंतीकडे बघितलं. “ही तुझे बाबा होते तेव्हा हवी होती. आता दार लावून मी कोणापासून लपून बसू?”

मला वाटलं आता हे उठतील, काँट्रॅक्टरला फोन करतील, पुन्हा काहीतरी पाडतील नाहीतर बांधतील. पण हे उठले नाहीत. आईच्या पायाशी, खाली मान घालून म्हणाले, “मला वाटायचं तू इथे रडतेस.”

सासूबाईंनी यांच्या केसांतला गिलाव्याचा कण काढून टाकला. अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशा म्हणाल्या, “तेव्हा नव्हते रे रडत. भिंत पडली त्या दिवशी रडले. पण तू इतका खूश होतास.”